स्मरणचित्राची वही

माझ्या उजव्या डोळ्यातून आधी तांबडा रंग गेला. पूर्ण गेला नाही, पातळ झाला. जानेवारी २०१८. सातवीच्या वर्गात रंगचक्राचा तक्ता लावून शिकवत होते आणि तांबडा नि नारिंगी यांच्यात मला फरकच दिसेना. तक्ता जुना, उन्हानं विटला असेल असं वाटलं. मुलांना विचारलं, "हा तांबडा फिका पडलाय का रे?" पहिल्या बाकावरचा पोरगा म्हणाला, "न्हाई बाई, तांबडा तांबडाच हाय की."

त्या रविवारी घरी मटण होतं. ताटात रस्सा वाढला आणि मी एकेक डोळा झाकून बघितलं. डाव्यानं बघितला तर नेहमीचा तांबडा रस्सा, वर तेलाचा तवंग. उजव्यानं बघितला तर विटा धुतलेलं पाणी. डोळा बाजूला फिरवला की खोबणीच्या मागं ठणका. सासूबाई समोर बसल्या होत्या. म्हणाल्या, "काय गं, डोळ्यात काय गेलंय?"

मी चित्रकला शिकवते. राहायला कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. रंगावरच पोट आहे, म्हणून मला हे लवकर कळलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पडदा चांगला आहे, मागची नस सुजली आहे. त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांकडे धाडलं. एमआरआयमध्ये मेंदूत आणि मानेच्या मज्जारज्जूत पांढरे डाग निघाले. पाठीतून पाणी काढून तपासलं. दोन वर्षांपूर्वी माझा डावा पाय गुडघ्याखाली तीन आठवडे बधिर होता. दिवसभर उभं राहून झालं असेल म्हणून मी रोज रात्री तेल चोळत बसायचे. तोही याच आजाराचा अटॅक होता, हे तेव्हा समजलं.

आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरॉसिस. आम्ही पेशंट एमएस म्हणतो. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच मेंदूतल्या, मज्जारज्जूतल्या आणि डोळ्यांच्या नसांवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर उठते. आवरण गेलं की संदेश अडखळतो. ते कुठं गेलं त्यावर कुणाचं काय अडणार ते ठरतं. कुणाची लघवी, कुणाचा तोल, कुणाची बोटं, माझा तांबडा. पॅरिसच्या शार्को या डॉक्टरांनी १८६८ साली या आजाराचं नीट वर्णन केलं, आणि त्याची वाटचाल थोडीफार रोखणारं पहिलं औषध आलं १९९३ साली. मधल्या सव्वाशे वर्षांतल्या पेशंटांनी दिवस कसे काढले असतील, हा विचार मला अजून अधूनमधून येतो.

रोज १ ग्रॅम स्टेरॉइड सलाईनमधून, असे पाच दिवस. तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव, रात्रभर टक्क जाग. दोन महिन्यांत नजर बरीचशी परत आली. तांबडा मात्र उजव्या डोळ्यात आजही थोडा फिकाच आहे.

भेटायला येणारा जो तो जाताना एक वाक्य ठेवून जायचा. "पॉझिटिव्ह राहा." माया होती, मला ठाऊक आहे. पण त्यावर्षी चैत्रातल्या हळदीकुंकवाला हातात पन्ह्याचा पेला असताना नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, "तू लई मनाला लावून घेतीस बघ, त्यानंच झालं हे." ते वाक्य मी कितीतरी वर्षं बरोबर बाळगलं. रात्री झोप लागली नाही की मागच्या आयुष्यातला मनाला लावून घेतलेला एकेक प्रसंग काढायचे आणि यानंच डाग पडला असेल का म्हणून बघायचे.

२०२२ साली एक मोठा अभ्यास आला. अमेरिकेच्या सैन्यातल्या एक कोटीहून जास्त जणांच्या नोंदी तपासल्या होत्या. एप्स्टाइन-बार नावाच्या विषाणूची लागण झाल्यावर एमएसची शक्यता ३२ पट वाढते, असं त्यात दिसलं. हा विषाणू जवळपास सगळ्यांनाच कधी ना कधी गाठतो आणि एमएस फार थोड्यांना होतो. त्यामुळे जनुकं, ड जीवनसत्त्वाची कमतरता, सिगारेट अशी बाकीचीही कारणं जुळून यावी लागतात. मनाला लावून घेणं त्या यादीत नाही. हे मला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. वाचणाऱ्यांत कुणी नवीन पेशंट असेल तर तिच्यासाठी इथं स्पष्ट लिहिते: तुझ्या विचारांनी हे झालेलं नाही.

हा अभ्यास यायच्या बऱ्याच आधीची गोष्ट. हळदीकुंकवाचं ते वाक्य मनात होतंच, म्हणून डॉक्टरांनी ज्यांच्याकडे पाठवलं त्या समुपदेशक बाईंनी 'सकारात्मक मानसशास्त्र' असा शब्द काढला, तेव्हा मी पर्स उचलली. त्या म्हणाल्या, "बसा हो. आनंदी राहा असं मी सांगणार नाही. मला एवढंच सांगा, आज सकाळपासून तुम्ही काय काय बघितलंत?"

मी सांगायला लागले. उठताना पाय जड होता. जिन्यात कठडा धरावा लागला. डब्याचं झाकण लागेना. रिक्षात मान हलली तशी पाठीतून कळ गेली. "आणखी?" त्यांनी विचारलं. आणखी काही नव्हतं. दोन तास कोल्हापुरातून फिरून आले होते, महाद्वार रोडवरून, फुलांच्या दुकानांवरून, आणि चित्रकलेच्या बाईनं स्वतःच्या शरीराखेरीज काहीच बघितलं नव्हतं.

त्याचा मला धक्का बसला. आजाराच्या नावानं बसला नव्हता तेवढा.

या विषयाची हकीकत नंतर वाचली. मार्टिन सेलिगमन हे १९९८ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांचं म्हणणं असं, की माणसाचं काय बिघडतं यावर मानसशास्त्रानं भरपूर काम केलं, पण जगणं जगावंसं कशानं वाटतं यावर तितक्याच कसोशीनं केलं नाही. ते करायला हवं, मोजून करायला हवं. दुःख झाकून ठेवा असं त्यात कुठंही नाही. मोजून हा शब्द मला आवडला. आमच्या विषयातही नुसत्या कौतुकानं चित्र सुधारत नाही, प्रमाण बघावं लागतं.

बाईंनी पहिला व्यायाम दिला तो असा. रोज रात्री त्या दिवशीच्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढं ती का घडली ते लिहायचं. सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये इंटरनेटवरून लोकांना हा व्यायाम आठवडाभर करायला लावला होता. त्याचा परिणाम सहा महिन्यांपर्यंत टिकलेला दिसला, विशेषतः ज्यांनी आठवड्यानंतरही आपणहून वही चालू ठेवली त्यांच्यात.

माझी वही चौथ्या दिवशी बंद पडली. पहिल्या दिवशी लिहिलं: घर आहे, नवरा चांगला आहे, मुलगा गुणी आहे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, अक्षर बिघडलेलं. हजेरीपट असतो तसं. वाचून काही वाटेना.

आमच्या शाळेची मुलं दरवर्षी शासकीय रेखाकला परीक्षेला बसतात, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. त्यात स्मरणचित्राचा पेपर असतो. विषय येतो, समजा, भाजी मंडई. मुलं सगळी मंडई काढायला धावतात. वीस माणसं, वीसही काडीसारखी. मी वर्षानुवर्षं एकच सांगत आले आहे. बाळांनो, सगळी मंडई नको. मनातल्या मनात कपिलतीर्थाच्या मंडईत जा आणि एक बाई धरा. ती तागडी कुठल्या हातात धरते? पदर कुठून आलाय? बसलीय तर कुठला गुडघा वर आहे? मेथीची पेंडी पुढं करताना ती गिऱ्हाइकाकडं बघते का पैशाकडं? एवढं आठवा, मग कागदाला हात लावा.

पाचव्या रात्री वही उघडली तेव्हा हे आपल्यालाच लागू आहे असं ध्यानात आलं. तीन गोष्टींची यादी सोडली आणि एक प्रसंग धरला. लिहिलं: 'सातव्या चपातीला माझा हात थांबला. सासूबाईंनी काही न बोलता पोळपाट आपल्याकडं ओढला. डाव्या हातानं, कारण उजव्याला कणीक होती. लाटणं माझ्या हातातच राहिलं होतं, ते त्यांनी मागितलं नाही, बोटं सैल होईस्तोवर थांबल्या.'

मग पुढचा प्रश्न. हे का घडलं? कारण त्यांचं माझ्या हाताकडं लक्ष होतं. आज होतं म्हणजे रोजच असणार. एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं. आजार कळल्यापासून माझी पक्की समजूत होती, की त्यांना मी कामचुकार वाटते. अमुक दिवशी त्या असं म्हणाल्या, तमुक दिवशी तोंड फिरवलं, असे पुरावेही जमवले होते. आणि इथं त्या सातव्या चपातीपर्यंत मोजत बसलेल्या.

माझ्या मते या व्यायामाचा सगळा जीव त्या 'का'मध्ये आहे. बहुतेक ठिकाणी तेवढाच गाळून सांगतात.

त्यानंतर वहीत चित्रंही यायला लागली. दोन इंचाचे चौकोन, पेन्सिल, कधी एखादा रंगाचा हात. गंगावेशीत सकाळी म्हशीचं धारोष्ण दूध पिणारा माणूस, पेला संपल्यावरही मान मागंच. किरणोत्सवात अंबाबाईच्या देवळात दाटीवाटीनं उभी माणसं. जानेवारी संपता-संपता आणि नोव्हेंबरात मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन देवीपर्यंत पोचतात. सगळे देवीकडं बघत असतात, मी बघत होते उजेड पडलेल्या कानांकडं. पापाच्या तिकटीला चपलेची वेणी ओवून बघणारी बाई. माझी बोटं सकाळी बधिर असतात, म्हणून तिच्या बोटांकडं मी जरा जास्तच वेळ बघितलं. हेवा वाटला. वहीत तो हेवाही लिहिला. समुपदेशक बाई म्हणाल्या, राहू दे, खोडू नका.

एमन्स आणि मॅकलक या दोघांनी २००३ मध्ये कृतज्ञतेवर जे प्रयोग केले त्यातला तिसरा मला जवळचा वाटतो, कारण तो नसा-स्नायूंचे आजार असलेल्या माणसांवर होता. त्यांनी २१ दिवस रोज लिहिलं. त्यांची मनःस्थिती सुधारली, झोपही बरी लागली. एमएस हा वेगळा आजार, पण सकाळी उठल्यावर आज शरीर कुठं साथ देतंय याचा अंदाज घेणारी माणसं तीच. खास एमएसच्या पेशंटांसाठी अमेरिकेतल्या नॅशनल एमएस सोसायटीनं 'एव्हरीडे मॅटर्स' नावाचा कार्यक्रम केला आहे, तोही याच विचारावर उभा आहे. अशा अभ्यासांत पेशंटांची संख्या अजून लहान असते. आणि वहीनं मायलिन परत येत नाही. मी सहा महिन्यांनी पुण्याला जाऊन सलाईनमधून औषध घेते, ते कधी चुकवत नाही. वहीपायी औषध सोडणारी कुणी भेटली तर मी तिच्याशी भांडेन.

आता चिकाटीबद्दल. हे मला सगळ्यात उशिरा कळलं आणि सगळ्यात महागात पडलं.

सेलिगमन आणि ख्रिस्तोफर पीटरसन यांनी २००४ मध्ये माणसातल्या २४ गुणांची मांडणी केली. कुतूहल, दया, विनोदबुद्धी, आशा, सौंदर्याची जाण वगैरे. प्रश्नावली भरली की आपल्यात कुठले गुण वर आहेत ते दिसतं, आणि ते रोज नव्या पद्धतीनं वापरायचे. माझ्यात सौंदर्याची जाण पहिली आली आणि चिकाटी दुसरी. मला बरं वाटलं. कोल्हापूरच्या घरात चिकाटीचं कौतुक केवढं असतं ते काय सांगू. आजोबा तालमीत घुमलेले. खासबागेच्या मैदानात कुस्ती बघताना मला खांद्यावर घेऊन म्हणायचे, "दम लागला म्हणून थांबला त्यो संपला." मी ते रक्तात घेऊन वाढले.

एमएसमध्ये दहांतल्या आठ जणांना थकवा असतो. कामानं येणारा थकवा वेगळा, विश्रांतीनं जातो. हा तसा नाही. ओल्या कागदावर रंग सोडला की तो आपल्या हातात राहत नाही, पसरेल तिकडं पसरतो, तसा हा पसरतो. आधी पाय, मग डोळे, मग शब्द. वाक्यात मधला शब्दच सापडत नाही.

ग्रेड परीक्षेच्या दिवसांत मी दोन दिवस उभी राहिले. तीनशे मुलं, वर्गावर्गांत फेऱ्या, पाण्याची भांडी, बैठक क्रमांक. दुपारी पाय ओढायला लागला तरी बसले नाही. दम लागला म्हणून थांबायचं नसतं ना. तिसऱ्या दिवशी सकाळी चमचा धरता येईना. आठ दिवस अंथरुणात. शाळेत कुणीतरी म्हणालं म्हणे, परवा तर चांगल्या पळत होत्या. यात त्यांचाही दोष नाही, आमचा आजार बाहेरून दिसतच नाही. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे जे २१ प्रकार आहेत त्यात मल्टिपल स्क्लेरॉसिसचं नाव आहे, पण कायद्याच्या पुस्तकात दिसतं ते बसमध्ये सीट मागताना दिसत नाही.

मी समुपदेशक बाईंकडे रडले. म्हटलं, माझा एक गुण वर होता, तोच अंगावर आला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "चिकाटी कशाची करायची ते तुम्ही ठरवू शकता. आठवडाभर रोज ठरल्या वेळी वीस मिनिटं आडवं व्हायचं. थकवा नसला तरी. कुणी बघत असलं तरी. पाहुणे असले तरी. जमतंय का बघा."

जमलं नाही. पहिल्या आठवड्यात दोनच दिवस जमलं. जिन्यावरून पाय ओढत चढणं मला सोपं वाटत होतं, आणि सगळे जागे असताना दुपारी पावणेदोनला चटई टाकणं फार कठीण. मुख्याध्यापिका बाईंना सगळं खरं सांगितलं तेव्हा त्यांनी चित्रकला कक्षातल्या कपाटामागची जागा मोकळी करून दिली. आता तिथं चटई असते. मोबाईलवर वीस मिनिटं लावते आणि पडते. भिंतीवर मुलांनी लावलेले रंगाचे ठसे आहेत, पडल्यावर ते डोळ्यांसमोर येतात. चार वर्षं झाली, फार क्वचित चुकवलंय. ही चिकाटी आजोबांना समजली असती का माहीत नाही. मी त्यांना समजावून सांगितलं असतं.

उष्णतेचंही असंच. २०१८ च्याच दिवाळीत अभ्यंगस्नानाला सासूबाईंनी बंब पेटवून कढत पाणी काढलं होतं. उटणं लावून न्हाऊन बाहेर आले आणि उजव्या डोळ्यापुढं धुकं. पणत्या दिसेनात. मला वाटलं, आला परत अटॅक. सणाच्या पहाटे न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून रडले. डॉक्टरांनी फोनवर शांतपणे सांगितलं, पंख्याखाली बसा, तासाभरात जाईल. गेलं. ऊटहॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्येच हे टिपून ठेवलंय. अंगाचं तापमान अर्ध्या अंशानं वाढलं तरी आवरण गेलेल्या नसेतून संदेश जाईनासा होतो, आणि अंग गार झालं की पुन्हा जातो. नवं काही बिघडलेलं नसतं. भीतीचा एवढा मोठा तुकडा एका फोननं निघून गेला. एमएसच्या माणसाला बरं वाटण्यासाठी जे काही करायचं त्यात हे पहिलं असावं, असं माझं ठाम मत आहे. काय होतंय ते नेमकं सांगा, कृतज्ञतेच्या गोष्टी त्यानंतर. त्यानंतरच्या एका दिवाळीला सासूबाईंनी बंबाच्या पाण्यात स्वतः गार पाणी मिसळलं, कोपर बुडवून बघितलं आणि हाक मारली, "ये गं, कोमट केलंय. मी पाठ चोळतो तुझी." आमच्याकडं जुन्या बायका अशाच बोलतात, येतो, जातो, करतो. ते वहीत आहे. 'का'पुढं लिहिलंय: कारण त्या विसरल्या नाहीत.

वहीनं काहीही केलं नाही असाही काळ गेला, तो लिहायलाच हवा.

ऑगस्ट २०१९ चा पूर. आमच्या घरात पाणी आलं नाही, पण महामार्ग बंद, पुण्याची औषधाची तारीख गेली. नळाला पाणी नाही, गल्लीत टँकर यायचा. सगळी गल्ली घागरी-बादल्या घेऊन रांगेत आणि मी दारात उभी. कळशीसुद्धा उचलवत नव्हती. नदीकाठच्या वस्तीतली माणसं जवळच्या एका शाळेत आणली होती. तिथं मी खडू आणि पाठकोरे कागद घेऊन गेले, कारण बसून करता येण्यासारखं तेवढंच होतं. मुलांनी पहिले दोन दिवस फक्त पाणी काढलं. निळं नव्हे, तपकिरी. एका मुलीनं कागदभर तपकिरी फासलं आणि वर कोपऱ्यात छोटं कौल काढलं. तिसऱ्या दिवशी तिनं म्हैस काढली, शिंगं आधी. त्या दोन-दोन तासांत पाय आहे का नाही याची मला आठवण झाली नाही. चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञांनी या तल्लीनतेचाच आयुष्यभर अभ्यास केला. तिला शब्दबिब्द आहे हे मला नंतर कळलं.

पूर ओसरला आणि मी खचले. औषध दोन आठवडे उशिरा मिळालं, त्याचं काही झालं नाही, पण मन बसत गेलं. वही उघडली की लिहिलेलं सगळं खोटं वाटायचं. चांगल्या गोष्टी दिसत होत्या आणि त्या दुसऱ्या कुणाच्या तरी घरातल्या असाव्यात तशा वाटत होत्या. जेवण जाईना. ह्यांनी वही उचलून कपाटात ठेवली आणि मला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, आठ महिने घेतल्या. एमएसच्या जवळपास निम्म्या पेशंटांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्य गाठतं, आणि त्यात मेंदूतल्या आजाराचाही हात असतो, असं डॉक्टरांनी समजावलं. जिला जगणं नको वाटतंय तिनं वही-पेन शोधू नये, डॉक्टर गाठावा. तिच्या घरच्यांनी तिला तीन चांगल्या गोष्टी विचारू नयेत. वही मी पुन्हा काढली ती पुढच्या वर्षी, तीही आपणहून.

मुलाची एक गोष्ट. त्याचं नाव शाळेच्या फुटबॉल संघात आलं, त्या दिवशी तो गांधी मैदानावरून पळत आला आणि मी डोळे मिटून पडले होते. "हं, छान," एवढंच म्हणाले. तो दारातच उभा राहिला, मग गेला. पेठेतल्या पोराला फुटबॉलच्या संघात नाव येणं म्हणजे काय, हे मला कळत नव्हतं असं नाही. शेली गेबल या संशोधक बाईंचं काम नंतर वाचनात आलं. आपल्या माणसाच्या वाईट बातमीला आपण कसे धावतो याइतकंच त्याच्या चांगल्या बातमीला कसे सामोरे जातो यावर नातं ठरतं, असं त्या म्हणतात. आता आमचा ठराव असा. मी पडलेली असले तर त्यानं सांगायचं, "आई, भारी बातमी हाय," आणि मी म्हणायचं, "दहा मिनिटं दे." दहा मिनिटांनी मी उठून बसते आणि त्यानं सगळं पहिल्यापासून सांगायचं, पास कुणी दिला इथपासून.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी विचारलं, इचलकरंजीची एक मुलगी आहे, चोवीस वर्षांची, नुकतंच निदान झालंय, बोलाल का तिच्याशी? मी हो म्हणाले आणि रात्रभर घाबरले. मी काय सांगणार तिला? कॅरोलिन श्वार्ट्झ यांच्या १९९९ मधल्या एका अभ्यासाबद्दल तेव्हा वाचलं होतं. एमएस असलेल्या पाच जणांना शिकवून तयार केलं होतं, त्यांनी दुसऱ्या पेशंटांना नेमानं फोन करायचे, मुख्यतः ऐकायचं. बघायला गेले होते फोन ज्यांना येतात त्यांना काय फायदा होतो, आणि दिसलं असं की फोन करणाऱ्या पाच जणांत बदल जास्त झाला. आत्मविश्वास वाढला, नैराश्य कमी झालं. ऐकताना त्यांचं स्वतःच्या आजारावरचं लक्ष हटलं होतं.

मी तिला दर गुरुवारी संध्याकाळी फोन करते. पहिले तीन गुरुवार ती फक्त लग्नाचं बोलली. मोडणार का, सांगायचं का, कधी सांगायचं. मी एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, माझ्याकडं नव्हतंच. घरात यंत्रमाग आहेत, दिवसरात्र खडखडाट, त्यात ती मोठ्यानं बोलते आणि मी फोन कानापासून जरा लांब धरते. चौथ्या गुरुवारी तिनं विचारलं, "ताई, तुम्हाला तांबडा कसा दिसतो?" इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टर विचारतात, पण ते कमी दिसतो का एवढंच. मी तिला पंधरा मिनिटं सांगत होते. डाव्या डोळ्यानं कुंकू, उजव्यानं गेरू. जास्वंद उजव्यानं सकाळी बरी दिसते, दुपारी विटते. दोन्ही डोळे उघडे ठेवले की मधलाच एक तांबडा तयार होतो, तो माझ्याकडच्या कुठल्याच ट्यूबमध्ये नाही. मी मिसळून बघितलाय, जवळ जातो, तंतोतंत येत नाही. "मग तो फक्त तुम्हालाच दिसतो," ती म्हणाली.

वहीचं मी तिला सांगितलं नव्हतं. तिनंच एकदा विचारलं तुम्ही रात्री काय करता, तेव्हा सांगितलं, आणि करच असं म्हटलं नाही. परवाच्या गुरुवारी फोन उचलल्या उचलल्या म्हणाली, "ताई, मी लिहिलं. बाबांनी रात्री माझ्या खोलीच्या भिंतीलगतचे दोन माग बंद ठेवले. का, तर मला झोप लागत नाही हे त्यांना कळलंय. मी सांगितलं नव्हतं."

मागून खडखडाट येत होता, पण लांबून.

"तीन नाही झाल्या," ती म्हणाली. "एकच झाली."

मी म्हटलं, "आधी सांग, बंद केले तेव्हा ते कुठल्या बाजूला उभे होते?"